व्यसनमुक्ती केंद्रातून घरी, पण कोणत्या घरी?

ऊस विकास अधिकारी



येत्या वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे "कारखान्याने कार्यक्षेत्रात व्यसनमुक्ती केंद्राची इमारत बांधावी" अशी सूचना येणार असल्याचे कानावर आहे. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे, यात शंका नाही. आपल्या गावोगावची तरणीताठी माणसे दारूपायी गेली, कुणाची जमीन गेली, कुणाचा संसार गेला, त्या दुःखातून ती आलेली आहे. तरीही माझे मत थोडे वेगळे आहे. मी कारखान्याचा नोकर, सभेत मला मत नाही, म्हणून हे चार शब्द येथे लिहितो. आपल्याकडे उणीव आहे ती उपचाराच्या इमारतीची नव्हे. उपचार घेऊन बाहेर पडलेल्या माणसाने पुढचे सहा महिने, वर्षभर राहायचे कोठे, ही खरी उणीव आहे.

ऊस विकास अधिकाऱ्याने लागण, बेणे, खत यांवर लिहावे, दारूवर कशाला, असे कुणी म्हणेल. पण आमचे काम बांधावर चालते आणि बांधावर सगळे दिसते. लागणीची नोंद करायला कर्त्या माणसाऐवजी त्याची म्हातारी आई येऊ लागली, पाण्याची पाळी चुकू लागली, उधारीवर नेलेल्या खताची पोती दुसऱ्याच्या शेतात अर्ध्या किमतीत गेली, की समजायचे. दारूचा विषय निघाला की ऊसतोड मजुरांकडे बोट दाखवायची आपल्याकडे रीत आहे. मजूर चार-पाच महिन्यांनी आपल्या गावी जातो. आपल्या घरातली बाटली बारमाही असते.

सरकारच्या सामाजिक न्याय खात्यासाठी दिल्लीच्या 'एम्स'ने केलेली देशव्यापी पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. देशात सुमारे १६ कोटी लोक दारू पितात आणि त्यांतल्या सुमारे ५ कोटी ७० लाखांना मदतीची गरज आहे, असे तीत म्हटले आहे. दारूच्या पुरते आहारी गेलेल्या ३८ जणांमध्ये एकालाच कसला ना कसला उपचार मिळतो. दाखल होऊन उपचार मिळणारा तर १८० जणांत एक. म्हणजे जो केंद्रापर्यंत पोचला तो नशीबवान. आणि या नशीबवानालाच आपण पुढे वाऱ्यावर सोडतो, हे माझे म्हणणे.

उपचाराच्या सोयी अपुऱ्या असतील, पण त्या आहेत, आणि काही फार चांगल्या आहेत. पुण्याच्या मुक्तांगणचे नाव बहुतेकांना ठाऊक आहे. डॉ. अनिता अवचट आणि अनिल अवचट यांनी पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीच्या आधाराने १९८६ साली ते सुरू केले. तेथे साधारण पस्तीस दिवस माणूस राहतो. आधी अंगातले विष उतरवायचे, मग मन उभे करायचे. तेथले कितीतरी कार्यकर्ते स्वतः व्यसनातून बाहेर पडलेले आहेत, आणि केंद्रातून सुटल्यानंतर भेटण्यासाठी ठिकठिकाणी त्यांच्या बैठका भरतात. आपल्या भागातली माणसे तेथे गेली आहेत आणि काही आजही ताठ उभी आहेत.

पण सगळे उभे राहत नाहीत. एका वयस्कर सभासदाने मला शेतात उभे राहून सांगितले, "साहेब, तिथं पोरगं देवमाणूस झालं हुतं. योगासनं काय, भजन काय! घरी आणलं आन पाचव्या दिवशी जत्रेत पुन्हा तेच." त्यांचा राग केंद्रावर होता. माझ्या मते केंद्राने आपले काम केले होते. चूक ती पुढची जागा होती.

आपल्या भाषेत सांगायचे तर हा खोडव्याचा प्रश्न आहे. लागणीला आपण जीव टाकतो. बेणे आणतो, बेणेप्रक्रिया करतो, सरी सोडतो, कर्ज काढतो. ऊस तुटून गेला की खोडवा देवाच्या भरवशावर. बुडखे छाटायचे नाहीत, पाचट पेटवून द्यायची, पंधरा दिवसांच्या आत पहारीने द्यायचे खत दोन महिन्यांनी फेकायचे, आणि मग उतारा पडला की म्हणायचे, वाणच खराब. व्यसनमुक्तीच्या उपचाराचे आपण नेमके हेच केले आहे. पस्तीस दिवसांवर हजारो रुपये घालायचे आणि छत्तिसाव्या दिवशी माणसाला त्याच पारावर नेऊन सोडायचे.

घर म्हणजे मायेची जागा, हे खरे. पण दारू सोडून आलेल्या माणसासाठी पहिले काही महिने ती अवघड जागा असते. बायको नकळत तोंडाचा वास घेते. बाप पासबुक लपवतो. दुकानदार जुनी उधारी काढतो. दोष त्यांचा नाही, त्यांनी सोसलेले असते. पण हा रोजचा संशय त्या माणसाला आतून पोखरतो. बाहेर पडावे तर जुने दोस्त बसलेलेच असतात, "एका पेगानं काय होतंय?" म्हणणारे. त्यात उसाचे बिल एकरकमी खात्यावर येते. वर्षभर खिशात शंभराची नोट नसणाऱ्याच्या हाती एकदम लाखभर रुपये, आणि नेमका तोच काळ जत्रा, लग्नसराई, वरातींचा. शिवाय निवडणूक कुठली ना कुठली असतेच. अशा वेळी घरी "मला आज प्यावीशी वाटते" असे मोकळेपणी म्हणायची सोय नसते. म्हटले तर रडारड, शिव्याशाप. आणि ज्याला हे म्हणता येत नाही, तो एक दिवस न म्हणताच पितो.

म्हणून मधला एक मुक्काम हवा. जेथे दवाखाना नाही, पहारेकरी नाही, माणूस सकाळी कामाला जातो, संध्याकाळी परत येतो, आणि घरात सगळेच त्याच वाटेने आलेले असल्यामुळे "प्यावीशी वाटते" असे म्हणाल्यावर कुणी दचकत नाही, उलट शेजारी येऊन बसते.

असे घर चालवायचा एक मार्ग अमेरिकेत सापडला, आणि तो सहकाराचा असल्यामुळे मला आपल्या सभासदांपुढे मुद्दाम मांडावासा वाटतो. मेरिलँड राज्यातील सिल्व्हर स्प्रिंग या गावी १९७५ साली सरकारी मदतीवर चालणारे असे एक घर बंद पडायला आले. आत राहणाऱ्यांपुढे प्रश्न पडला, आता जायचे कोठे? पॉल मॉलॉय नावाचा गृहस्थ आणि त्याचे सोबती यांनी ठरवले की घर आपणच भाड्याने घ्यायचे आणि आपणच चालवायचे. नाव ठेवले ऑक्सफर्ड हाउस. विलायतेतल्या विद्यापीठाशी त्याचा संबंध नाही, ज्या जुन्या धार्मिक मंडळाच्या विचारांतून 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'ची चळवळ १९३५ साली निघाली, त्या मंडळाचे ते नाव.

नियम मोजके. पहिला, घराचा कारभार राहणाऱ्यांच्या मताने चालेल. दर आठवड्याला सभा, हिशेब सगळ्यांपुढे, आणि अध्यक्ष, खजिनदार वगैरे पदे सहा महिन्यांनी बदललीच पाहिजेत. (ही शेवटची अट आपल्याकडे किती संस्थांना मानवेल, हा भाग वेगळा!) दुसरा, भाडे आणि खर्च राहणाऱ्यांनीच वाटून द्यायचा. तिसरा, जो पुन्हा प्यायला त्याने ताबडतोब घर सोडायचे. नवा माणूस घ्यायचा तर आतल्यांपैकी ऐंशी टक्के लोकांनी मत दिले पाहिजे. पुरुषांची घरे वेगळी, बायकांची वेगळी. मुदतीचे बंधन नाही. नियम पाळून राहील तोवर राहावे. जुन्या सरकारी घरात ठराविक महिन्यांनी माणसाला बाहेर काढत, मग तो तयार असो वा नसो. त्याचा अनुभव घेतलेल्यांनी हे ठरवले होते.

एका घराची दोन झाली, दोनाची चार. १९८८ साली तेथल्या केंद्र सरकारने कायदा करून राज्यांना एक फिरता निधी ठेवायला लावला. किमान सहा जण एकत्र आले की घर सुरू करायला चार हजार डॉलरपर्यंत कर्ज, फेड दोन वर्षांत, आणि परत आलेला पैसा पुढच्या घराला. अनुदान नाही, कर्ज. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटलांनी धनंजयराव गाडगीळांच्या साह्याने शेतकऱ्यांचा कारखाना उभारला, तेव्हाही तत्त्व याहून निराळे नव्हते. आधी सभासदाने आपला पैसा आणि आपली जबाबदारी घालायची, मग सरकारने हात द्यायचा. आज अमेरिकेत अशी तीन हजारांहून अधिक घरे आहेत.

याचा खरोखर उपयोग होतो का? शिकागोच्या डीपॉल विद्यापीठातील लेनर्ड जेसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी उपचार संपवून निघालेल्या १५० जणांचे, आपण चिठ्ठ्या टाकतो तसे, दोन गट केले. एक गट या घरांत, दुसरा नेहमीच्या वाटेने घरी किंवा बाहेरून उपचारावर. २००६ साली त्यांनी निष्कर्ष छापले. दोन वर्षांनंतर पाहिले तेव्हा नेहमीच्या वाटेने गेलेल्यांपैकी ६४.८ टक्के पुन्हा व्यसनाकडे वळलेले होते, घरात राहिलेल्यांपैकी ३१.३ टक्के. महिन्याची कमाई एका गटाची सरासरी ४४० डॉलर, घरातल्यांची ९८९. आम्ही नवे वाण द्यायच्या आधी जुन्या वाणाशेजारी लावून पाहतो, तशीच ही चाचणी, म्हणून मला ती पटली. ३१ टक्के घसरलेच, हेही लक्षात ठेवावे. जादू कोठेही नाही.

शेजाऱ्यांचा विरोध तेथेही झाला. वॉशिंग्टन राज्यातील एडमंड्स शहराने असे घर रोखण्यासाठी नियम पुढे केला की नातेसंबंध नसलेल्या पाचांहून जास्त माणसांनी एका घरात राहू नये. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १९९५ साली निकाल शहराच्या विरुद्ध लागला. आपल्या आळीतही "दारुडे इथं नकोत" असे म्हणणारे निघतील. त्यांना एवढेच विचारावे, की पिणारे आज आळीत नाहीत काय? हे तर न पिणाऱ्यांचे घर.

वाईट गोष्टही सांगितली पाहिजे. जेथे पैसा दिसतो तेथे लबाड पोचतोच. अॅरिझोना राज्यात नावापुरती अशी घरे थाटून, तेथल्या मूळ जमातींमधील लोकांना गाड्यांत घालून न्यायचे आणि त्यांच्या नावावर सरकारी योजनेचे पैसे उकळायचे, असा मोठा प्रकार २०२३ साली उघड झाला. आपल्याकडे वेगळ्या तऱ्हेचा त्रास आहे. रात्री चार माणसे येऊन पोराला उचलून नेतात, सहा महिने भेटू देत नाहीत, बांधून ठेवतात. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू व अमली पदार्थांमुळे आलेले विकार धरलेले आहेत. त्या कायद्याने साखळदंडाला साफ बंदी केली आहे. उपचाराच्या संस्थेला नोंदणी सक्तीची आहे. आणि उपचार व घर यांच्या मधल्या अशा निवासांची सोय सरकारने करावी, असेही त्यात लिहिलेले आहे. लिहिलेले आहे आणि झालेले आहे यांतले अंतर आपल्याला नवे नाही.

तेव्हा ज्या घरी आज असा माणूस उपचार घेऊन येणार आहे, त्यांनी जागा शोधताना डोळे उघडे ठेवावेत. पहिली चौकशी ज्या केंद्रात उपचार झाला तेथेच करावी, आणि तीही सुटीच्या दिवशी नव्हे, पंधरा दिवस आधी. केंद्र सरकारची १४४४६ ही फुकट मदतवाहिनी आहे, तेथेही विचारता येते. जागा सापडली की स्वतः जाऊन पाहावी. दार आतून उघडते का? राहणाऱ्याला फोन करता येतो का, मनात आले तर बाहेर पडता येते का? सकाळी माणसे कामाला जातात की दिवसभर गाद्यांवर पडून असतात? पैसे किती आणि कशाचे, याची पावती मिळते का? कुणी पुन्हा प्यायला तर तुम्ही काय करता, हा प्रश्न चालकाला जरूर विचारावा. "आमच्याकडे कुणी पीतच नाही" असे उत्तर आले तर तेथून उठावे. "चांगला चोपतो" असे आले तर त्याहून लवकर उठावे. आणि तुमचा माणूस डॉक्टरांच्या गोळ्या घेत असेल तर तेथे त्या चालू राहतील का, हे लिहून घ्यावे. दारू पिताच त्रास व्हावा म्हणून दिल्या जाणाऱ्या गोळीबद्दल तर एक सक्त गोष्ट. ती त्याला कळू न देता चहातून, भाजीतून कधीही देऊ नये. वरून दारू घेतली तर जीव जाऊ शकतो.

तसेच, असे घर म्हणजे दवाखाना नव्हे. रोज पिणाऱ्याने एकाएकी बंद केले तर हातपाय कापतात, फेफरे येते, भ्रम होतो, वेळेवर डॉक्टर नसेल तर माणूस दगावतो. आधी दवाखाना, मग घर. हा क्रम उलटा करायचा नाही.

आता आपल्या सभेच्या सूचनेकडे येतो. इमारत बांधायची म्हणजे जागा, नकाशा, मंजुरी, कोनशिला, उद्घाटन. नाव कुणाचे द्यायचे यावर एक हंगाम जाईल. नंतर डॉक्टर मिळणार नाही, आणि खोल्यांत खताची पोती ठेवली जातील. कटू वाटेल, पण अशा इमारती आपण सगळ्यांनी पाहिलेल्या आहेत. त्यापेक्षा तालुक्याच्या गावी एसटी स्टँडपासून चालत जाता येईल असे चार खोल्यांचे घर भाड्याने घ्यावे. कारखान्याच्या वसाहतीतल्या रिकाम्या खोल्या चालतील, असे काही जण सुचवतात. मला ते मान्य नाही. शेजारी डिस्टिलरी आणि मळीच्या टाक्या, दिवसरात्र तो वास, आणि त्या वासात दारू सोडलेल्या माणसाने झोपायचे! टनामागे चाळीस-पंचेचाळीस किलो मळी निघते. आज बराच माल पेट्रोलमध्ये मिसळायच्या इथेनॉलला जातो हे खरे, पण मळीपासून पिण्याची दारूही होते, हे काही गुपित नाही. आपल्या उसाचा एक पैसा त्या वाटेने येतो, तर दुसरा या वाटेने जाऊ द्यायला आपल्याला जड वाटू नये.

हिशेब करून पाहू. समजा सहा जण आहेत. भाडे, किराणा, वीज, गॅस मिळून महिना सत्तावीस हजार धरले तर माणशी साडेचार हजार. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला तीन हजार हाती येतात असे धरा, म्हणजे महिन्याला दीड टन ऊस. पिणारा माणूस महिन्याला किती टन पितो, याचा हिशेब त्याच्या बायकोला विचारा. कारखान्याने फक्त सुरुवातीची अनामत, भांडीकुंडी आणि तीन महिन्यांचे भाडे कर्ज म्हणून द्यावे आणि ते राहणाऱ्यांच्या संमतीने उसाच्या बिलातून हप्त्याने वळते करून घ्यावे. फिटले की त्याच पैशांतून दुसरे घर, आणि ते बायकांचे असावे. बायकांत व्यसन नाही असे समजून चालायचे दिवस गेले.

आणि कारभारात कुणी संचालक, अधिकारी नको. मीही नको. चावी राहणाऱ्यांकडे, वही राहणाऱ्यांकडे, मत राहणाऱ्यांचे. "दारुड्यांच्या हाती कारभार?" असे विचारले जाईल. सहकार सुरू झाला तेव्हा "अडाणी शेतकऱ्यांच्या हाती कारखाना?" असेच विचारणारे होते. पुन्हा पिणाऱ्याला घराबाहेर काढायचा नियम कठोर आहे, पण एकासाठी पाचांचे घर पणाला लावता येत नाही. मात्र बाहेर म्हणजे रस्त्यावर नव्हे. त्याच रात्री घरच्यांना बोलवावे, केंद्रात पोचवावे, आणि तो पुन्हा सावरला तर त्याचा अर्ज पुन्हा मताला टाकावा. आपल्या ताल्लुक्यात 'अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस'ची बैठक भरत असेल तर घर तिच्याजवळ शोधावे. तेथे फी नसते, नाव-गाव विचारत नाहीत.

ज्यांना हे पटते त्यांनी मूळ सूचनेला विरोध करण्याची गरज नाही. "इमारत बांधावी" या शब्दांऐवजी "उपचार घेतलेल्या सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस भाड्याचे घर चालवण्यासाठी फिरते कर्ज द्यावे" अशी दुरुस्ती लेखी द्यावी. सभेच्या नोटिशीवर सूचना पोचवण्याची मुदत छापलेली असते, त्याआधी ती कार्यालयात देऊन पोच घ्यावी. आणि ज्यांच्या घरात असा माणूस आहे, त्यांनी लागण नोंदीच्या दिवसांत गट ऑफिसवर आले तर मला बाजूला बोलवावे. सहा नावे जमली की घर पाहायला सुरुवात करता येईल. सभेची वाट त्यासाठी पाहावी लागत नाही.